इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाचा हिशेब

(कोल्हापूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांचे मूल्यमापन या विषयावर बोलण्यासाठी आपण अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकास पाचारण केलेत, याचे प्रथम मलाच आश्चर्य वाटले. मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नाही, आणि पहिलीच्या वर्गावर एक दिवसही मी शिकविलेले नाही. ज्यांनी ते काम पंचवीस-तीस वर्षे केले अशी मंडळी माझ्यासमोर बसली आहेत. तेव्हा पुस्तक कसे शिकवावे हे सांगण्याचा अधिकार मी घेणार नाही. परंतु पाठ्यपुस्तक म्हणजे समाजाने केलेली एक गुंतवणूक असते. तिच्यात सरकारचा पैसा असतो, शिक्षकाचे श्रम असतात आणि मुलाच्या आयुष्यातला, पुन्हा न मिळणारा वेळ असतो. या गुंतवणुकीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि आपल्या चळवळीचाही आहे. तेवढ्यापुरते मी बोलणार आहे.

हा प्रश्न कोल्हापुरात विचारावयाचा तर मागे पाहणे भाग आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठरविला. त्या काळातला एक रुपया म्हणजे थोडकी रक्कम नव्हे. राज्यकर्त्याने शिक्षणाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली, तिचा हा पुरावा आहे. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ज्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला, ते जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाचे मत स्पष्ट होते. मातृभाषेवर पुरेसे प्रभुत्व आल्याशिवाय परकी भाषा सुरू करू नये, आणि इंग्रजी पाचवीच्या आधी नको. लहान वयात इंग्रजी शिकविण्यास प्रशिक्षित शिक्षकांची फार मोठी फौज लागेल व ती आपल्यापाशी नाही, हेही आयोगाने बजावले होते.

महाराष्ट्रात अनेक वर्षे इंग्रजी पाचवीपासूनच होते. २००० साली, प्राध्यापक रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सर्व मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. या निर्णयावर आपल्यापैकी अनेकांनी टीका केली, मीही केली. आज पंचवीस वर्षांनंतर मला त्या टीकेचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा चूक वाटतो.

चूक कोणता, ते आधी सांगतो. डॉक्टर लोहियांनी इंग्रजी हटविण्याची हाक दिली, तिचा रोख इंग्रजीच्या राज्यावर होता. मूठभर लोकांना येणाऱ्या भाषेत कारभार चालला की उरलेले सगळे आपल्याच देशात परके ठरतात, हे त्यांचे निदान अचूक होते. परंतु आपण त्यातून सोयीस्कर अर्थ काढला. बहुजनांच्या शाळेत इंग्रजी उशिरा यावे असा आग्रह आपण धरला आणि आपली स्वतःची मुले मात्र इंग्रजी माध्यमात घातली. मी या सभागृहात कोणाकडे बोट दाखवीत नाही. माझी नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि त्यांचे प्रवेश झाले तेव्हा मी गप्प बसलो होतो. सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीला माउली म्हटले, त्यामागे ज्यांना शतकानुशतके ज्ञानाचे दरवाजे बंद होते त्यांची आकांक्षा होती. ती आकांक्षा आजच्या शेतमजूर बाईलाही आहे. तिला 'आधी मातृभाषा पक्की होऊ दे' असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपण बऱ्याच अंशी गमावला आहे.

पश्चिम बंगालचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथल्या डाव्या आघाडीच्या सरकारने १९८०च्या दशकाच्या आरंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले. हेतू निर्मळ होता, शास्त्राधारही होता. परिणाम असा झाला की ज्यांना परवडत होते ते खाजगी शाळांकडे वळले आणि ज्यांना परवडत नव्हते त्यांची मुले इंग्रजीवाचून राहिली. शेवटी १९९९नंतर टप्प्याटप्प्याने इंग्रजी पुन्हा खालच्या वर्गात आणावे लागले. विषमतेच्या समाजात एखादी वस्तू फक्त गरिबांच्या शाळेतून काढून घेतली, तर ती वस्तू श्रीमंतांची मक्तेदारी होते. हा बाजाराचा नियम आहे, आणि चांगल्या हेतूने तो बदलत नाही.

आता टीकेचा बरोबर असलेला भाग. लवकर सुरुवात केली म्हणजे भाषा आपोआप चांगली येते, ही समजूत खोटी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६४पासून दहा वर्षे प्राथमिक शाळेत फ्रेंच शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९७४ साली त्याचा अहवाल आला, तेव्हा लवकर सुरुवात केल्याने ठळक असा कायमचा लाभ आढळला नव्हता. आपल्याकडचे चित्र याहून वेगळे नाही. २०१६ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम एक चतुर्थांश मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली.

असे का होते, याचा एक साधा हिशेब मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस शाळा सांगितली आहे. रोज अर्धा तास इंग्रजी धरले तर वर्षाचे शंभर तास झाले. सहा वर्षांचे मूल रोज बारा तास जागे असते असे धरा, म्हणजे वर्षाचे सुमारे साडेचार हजार तास. त्यांतले शंभर इंग्रजीचे, बाकीचे मराठीचे. पुढे जाऊ. वर्गात तीस मुले आहेत आणि बाई एक अक्षरही न बोलता प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू देतात असे समजा. तरी एका मुलाच्या वाट्याला दिवसाला एक मिनिट येते. चार वर्षांत आठशे मिनिटे, म्हणजे तेरा-चौदा तास. चौथी उत्तीर्ण होणाऱ्या मुलाची ही एकूण इंग्रजी पुंजी. वर्गशिक्षिकेकडे दोन इयत्ता असतील, तर तीही निम्मी.

ही पुंजी इतकी अल्प असल्यामुळेच पुस्तकाला महत्त्व येते. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्याला पुस्तक वाईट मिळाले तरी फारसे बिघडत नाही. गगनबावड्याच्या वाडीवरील किंवा राधानगरीच्या धनगरवाड्यावरील मुलाला पुस्तकाबाहेर इंग्रजी नाही. त्याच्या तेरा तासांतला एक तास पुस्तकाने वाया घालविला, तर तो भरून निघण्याची जागा नाही. म्हणून पुस्तकाचे मूल्यमापन हा विद्वत्तेचा खेळ न राहता न्यायाचा प्रश्न होतो.

मग मोजायचे कशाने? माझ्या मते यासाठी सर्वांत उपयोगी कल्पना एका इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये बसून मांडली, आणि गंमत अशी की ती त्याने विमाव्यवसायातून उचलली. मायकेल वेस्ट हे त्यांचे नाव. ते ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत. १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द वापरला. आपल्यापैकी बहुतेकांनी विम्याची पॉलिसी घेतली आहे, तेव्हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. हप्ते मध्येच थांबले तर हातात काय पडते, ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्ट यांनी पाहिले की इंग्रजी शिकू लागलेल्या बंगाली मुलांपैकी बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात. अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत पोहोचणाऱ्या थोड्यांसाठी रचलेला असतो. दहा वर्षांनी फळ देणारा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षी सोडणाऱ्याच्या हाती काहीच ठेवीत नाही. वेस्ट यांनी त्यावर उपाय म्हणून मोजक्या शब्दांची, नव्या शब्दांची गर्दी टाळणारी वाचनपुस्तके तयार केली, जेणेकरून मूल लवकर काहीतरी वाचू लागेल.

वसाहतीच्या काळातला हा माणूस आपला नव्हता, पण त्याचा प्रश्न आपला आहे. आपल्या पुस्तकाला आपण विचारले पाहिजे : हे मूल या पानानंतर पुढे शिकलेच नाही, तर त्याच्या हातात काय उरेल?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. त्यांच्याबरोबर येणारे मूल हमीपत्रक घेऊन येथल्या शाळेत बसले, तरी त्याचा इंग्रजीचा पाठ गावाकडे पाचवा चालू असतो आणि येथे नववा. नववा पाठ आठव्यावर उभा, आठवा सातव्यावर, तर ते मूल नवव्यात काय करणार? शेवटच्या बाकावर बसून माना डोलावणार. पुस्तक एस. टी.सारखे असले पाहिजे. कोणत्याही थांब्यावर मुलाला चढता यावे, आणि जेथे उतरेल तेथपर्यंतचा प्रवास त्याच्या खाती जमा व्हावा. प्रत्येक पाठात स्वतंत्रपणे पुरे होणारे काहीतरी हवे. एक गोष्ट, एक खेळ, चार वाक्ये, जी शिकून झाली म्हणजे झाली.

याच कसोटीवर आणखी तीन गोष्टी तपासता येतील. त्यांना कोणत्याही परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. एक वही आणि एक पेन्सिल पुरे.

पहिली गोष्ट शब्दांची. प्रत्येक पाठातले नवे शब्द एका रकान्यात लिहा, आणि पुढच्या पाठांत तो शब्द किती वेळा परत येतो ते दुसऱ्या रकान्यात मांडा. एकदा भेटून नाहीसे होणारे शब्द हे बुडीत कर्ज होय. पुस्तक जाडजूड दिसते, चित्रे रंगीत असतात, शब्दसंख्या पाहून शिक्षणाधिकारी प्रसन्न होतात. पण मुलाच्या खात्यावर शिल्लक पडते ती परत परत भेटणाऱ्या शब्दांचीच. येथे आपल्यापाशी एक फुकटचे भांडवलही आहे. बस, पंप, मोटर, पेन, बॅट, बॉल, ट्रॅक्टर, टायर, हे शब्द शिरोळच्या शेतमजुराचे मूल शाळेत येण्यापूर्वीच बोलते. 'तुला इंग्रजी येत नाही' यापेक्षा 'तुला पन्नास इंग्रजी शब्द येतातच, आता त्यांच्याकडे इंग्रजीच्या डोळ्यांनी पाहू' अशी सुरुवात करणारे पुस्तक मी अधिक मोलाचे समजेन. बाजारात मिळणारे इंग्रजी अक्षरांचे तक्ते पाहा. त्यांत 'आय'ला बर्फाचे घर असते, 'वाय'ला हिमालयापलीकडचा बैल असतो आणि 'एक्स'ला कोणी कधी न ऐकलेले वाद्य. वर्णमाला पुरी करण्यासाठी मुलाच्या डोक्यावर घातलेले हे ओझे आहे. 'एक्स' हे अक्षर 'बॉक्स'च्या शेवटी सुखाने बसलेले असताना झायलोफोन वाजविण्याची गरज काय?

दुसरी गोष्ट अक्षर आणि उच्चार यांची. देवनागरी शिकणाऱ्या मुलाला अक्षर दगा देत नाही. 'क' कोठेही आला तरी तो 'क'च. त्याच वर्षी त्याच मुलापुढे इंग्रजीचे 'ए' हे अक्षर येते, आणि ते कॅटमध्ये एक, केकमध्ये दुसरे, कारमध्ये तिसरे, कॉलमध्ये चौथे बोलते. मुलाच्या बुद्धीत दोष नसतो. त्याने मराठीत शिकलेला प्रामाणिक नियम येथे लागू पडत नाही, इतकेच. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या पुस्तकात उच्चार स्थिर असलेले शब्दच आधी यावेत, मुकी अक्षरे आणि वाकडी वळणे नंतर. तसेच 'अ' आणि 'द' ही उपपदे, किंवा 'आहे' हे क्रियापद वाक्याच्या शेवटून मध्ये येणे, या मराठी मुलाच्या खास अडचणी आहेत. भाषांतर आणि घोकंपट्टी यांपुरत्याच अर्थाने तर्खडकरांच्या पाठमालेला आपण नावे ठेवतो. पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : समोरचा विद्यार्थी मराठी आहे. लंडनमध्ये किंवा दिल्लीत रचलेल्या पुस्तकाला ती ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट पुस्तकातल्या घराची. ते कोणाचे घर आहे? तेथे जेवणाचे टेबल आहे की चुलीपाशी बसलेली माणसे आहेत? या बाबतीत 'बालभारती'ला तिचे श्रेय दिले पाहिजे. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने स्वस्त आणि सर्वांना एकच पुस्तक ही समतेची मोठी गोष्ट केली, आणि २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात घरकामात स्त्री-पुरुष दोघेही दिसणारी चित्रे दिली. पावसाला हाकलून लावणारे इंग्रजी बडबडगीत आमच्या मुलांनी का म्हणावे, आपले गीत तर पावसाला पैसा देऊन बोलावते, ही टीका मात्र मी आता करीत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर शिरोळ, करवीरच्या मुलांना त्या इंग्रजी गीताचा अर्थ पुरेपूर समजला आहे. खरी कसोटी अशी : पुस्तकातले इंग्रजी वापरून मुलाला स्वतःच्या घराविषयी, स्वतःच्या भावंडाविषयी, स्वतःच्या म्हशीविषयी एक खरे वाक्य बोलता येते का? जे वाक्य त्याच्या बाबतीत खरे नाही, ते तो पाठ करील, बोलणार नाही.

आणि आता मातृभाषेविषयी. २०२२-२३पासून पहिलीच्या पुस्तकात मराठीबरोबर इंग्रजी शब्द देणारी एकात्मिक द्विभाषिक मांडणी आली. तिच्या हेतूशी माझे भांडण नाही. मुलाच्या मराठीचा आधार घेऊन इंग्रजी शिकविणे हे शहाणपणच आहे. परंतु आधार घेणे वेगळे आणि मराठी शब्दापाठोपाठ इंग्रजी शब्द चिकटविणे वेगळे. मूल मराठीत वाचू लागले की त्याला 'वाचन म्हणजे काय' हे कळते, आणि ते कौशल्य आयुष्यात एकदाच शिकावे लागते. दोन लिप्या एकाच पानावर, एकाच महिन्यात पुढ्यात ठेवल्या, तर अडखळणारे मूल दोन्हीकडे अडखळते. पहिल्या वर्षी इंग्रजी कानाने व तोंडाने यावे, गाणी, खेळ, सूचना यांतून. डोळ्यांनी आणि हाताने आधी मराठी. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीची सक्ती करणारा आदेश निघाला आणि जून संपण्यापूर्वी तो मागे घ्यावा लागला. त्या वेळी आपण सर्व रस्त्यावर होतो. सहा वर्षांच्या मुलावर किती भाषांचे ओझे घालावे, हा प्रश्न त्या वेळी आपण विचारला. तो इंग्रजीच्या बाबतीतही तितक्याच प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

शेवटी, हे मोजमाप कोणी करावे? या पंचवीस वर्षांत पुस्तके अनेकदा बदलली. चार भागांची पुस्तके आली, पुस्तकात वहीची कोरी पाने आली, आणि २०२५ साली तो कोऱ्या पानांचा निर्णय रद्दही झाला. प्रत्येक बदलाची घोषणा मंत्रालयातून झाली. कोणताही कारखाना नवे यंत्र सर्वत्र बसविण्यापूर्वी एका विभागात चालवून पाहतो. उद्यमनगरातला साधा फाउंड्रीवालाही नवा साचा आधी एकदा ओतून बघतो. लक्षावधी मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक मात्र बऱ्याचदा थेट छापखान्यातून वर्गात येते.

माझी सूचना लहान आहे. आपल्या प्रत्येक केंद्रात शिक्षण परिषद भरते. वर्षभर प्रत्येक शिक्षकाने आपल्या पुस्तकाच्या समासात प्रत्येक पाठापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : किती तास लागले, किती मुले शेवटी स्वतः बोलली, कोणता शब्द कोणालाच लागला नाही. केंद्राने ते एकत्र करावे, जिल्ह्याने छापावे. एका वर्षात कोल्हापूर जिल्ह्याकडे असा दस्तऐवज तयार होईल की पुण्या-मुंबईच्या कोणत्याही समितीला तो बाजूला सारता येणार नाही. आणि त्या समित्यांवर चंदगडच्या द्विशिक्षकी शाळेतल्या बाई असल्या पाहिजेत, ही मागणी आपण पुढे रेटली पाहिजे. ज्यांना स्वतःला इंग्रजी चाचपडत शिकावे लागले, त्यांनाच पुस्तक कोठे अडते ते ठाऊक असते. शिक्षकासाठीच्या सूचना मराठीत असाव्यात, हेही त्याच बाई सांगतील. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

कोणी म्हणेल, गावोगाव मराठी शाळांचे पट घसरत आहेत, वर्ग ओस पडत आहेत, अशा वेळी पुस्तकातले शब्द कसले मोजत बसता? माझे उत्तर असे की पट त्याच कारणाने घसरत आहे. आईबापांना मराठी नकोशी झालेली नाही. मराठी शाळेत इंग्रजी येत नाही, अशी त्यांची खात्री झाली आहे. ती खात्री घोषणांनी मोडणार नाही. चौथीतले मूल औषधाच्या पाकिटावरची तारीख आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचा धोक्याचा शब्द वाचून आईला त्याचा अर्थ मराठीत सांगू लागले, की मोडेल. तेवढी सरेंडर व्हॅल्यू आपल्या शाळेने दिली, तर त्या बाईला महिना दोन हजार रुपये फीच्या शाळेकडे धावावे लागणार नाही.

शाहू महाराजांनी पालकावर दंड बसविला, कारण शाळा देण्याचे आपले कर्तव्य त्यांनी आधी पार पाडले होते. आज मूल शाळेत येते, आईबाप त्याला हौसेने पाठवितात. दंड बसवायचाच झाला, तर तो आता मुलाचे तेरा तास वाया घालविणाऱ्यांवर बसविला पाहिजे, आणि त्यांत गप्प बसलेले माझ्यासारखे प्राध्यापकही आले.